ग्रेस हॉपर: 'बरोबर चालतं का?' आणि 'किती फास्ट चालतं?' हे दोन प्रश्न वेगळे ठेवणाऱ्या अ‍ॅडमिरल

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण काय बघतो? कॅमेरा, बॅटरी आणि मग अंतुतू किंवा गीकबेंचचा स्कोअर. मित्राच्या फोनचा आकडा आपल्यापेक्षा मोठा निघाला की जरा वाईटही वाटतं. पण हा आकडा एक गोष्ट अजिबात सांगत नाही. फोन बरोबर चालतो का? यूपीआयने पाठवलेले ५०० रुपये समोरच्याला ५००च मिळतात का, अलार्म ठरलेल्या वेळी वाजतो का, जोडाक्षरं नीट दिसतात का, याचं उत्तर स्कोअरमध्ये नसतं.

सॉफ्टवेअरच्या कामात या दोन तपासण्यांना दोन वेगळी नावं आहेत. उत्तर बरोबर आहे की नाही हे बघते ती नेहमीची टेस्ट. किती वेळ लागला, किती मेमरी खाल्ली हे मोजतो तो बेंचमार्क. चांगल्या प्रोजेक्टमध्ये या दोघांची गल्लत करत नाहीत. नेहमीच्या टेस्ट प्रत्येक बदलानंतर चालतात, बेंचमार्क मात्र कुणी मुद्दाम मागितले तरच चालतात.

हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या आयुष्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतात, त्या म्हणजे ग्रेस हॉपर. 'बग' म्हटलं की यांचंच नाव घेतात. पण पतंगाच्या त्या गोष्टीपेक्षा त्यांचं आयुष्य खूप मोठं आहे.

सात घड्याळं आणि एक नापास पेपर

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वयाच्या सातव्या वर्षी घरातलं अलार्मचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायचं म्हणून त्यांनी ते खोललं. जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सातही घड्याळं सुटी झाली. आईने शिक्षा केली नाही, पण यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा असं बजावलं.

व्हॅसर कॉलेजात पहिल्या वर्षी प्रवेशच मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एमए आणि १९३४ मध्ये गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षीपासून त्या व्हॅसरमध्ये गणित शिकवू लागल्या. सगळं असंच चाललं असतं तर त्या गणिताच्या प्राध्यापक म्हणूनच रिटायर झाल्या असत्या.

मध्ये दुसरं महायुद्ध आलं.

वजन कमी, वय जास्त

अमेरिकेच्या नौदलात जायचं त्यांनी ठरवलं. नौदलाने आधी नाही म्हटलं. वय छत्तिशीच्या पुढे, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड, म्हणजे जवळपास ७ किलो कमी. त्यांनी पाठपुरावा करून खास सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. ट्रेनिंगमध्ये आपल्या तुकडीत पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांना पाठवलं ते जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या एका मशीनपाशी.

हे मशीन म्हणजे मार्क वन. लांबी सुमारे साडेपंधरा मीटर, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला ३ बेरजा. एका गुणाकाराला साधारण ६ सेकंद, भागाकाराला १५च्या आसपास. आज तुमच्या खिशातला फोन सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो. पण तोफांची कोष्टकं हाताने करणाऱ्यांसाठी मार्क वन म्हणजे चमत्कारच होता.

तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन अतिशय कडक. त्यांनी हॉपर यांना या मशीनचं मॅन्युअल लिहायला लावलं आणि त्यांनी ५६१ पानांचं पुस्तक तयार केलं. युद्धकाळात तिथे चुकीच्या उत्तराचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. तोफेच्या कोष्टकात एक आकडा चुकला तर गोळा दुसरीकडेच जाऊन पडणार. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित मशीनला घालून बघायचं आणि उत्तर जुळतं का ते पाहायचं, अशी तिथली पद्धत होती. आज आपण जिला टेस्ट म्हणतो ती हीच.

पतंग सापडला तेव्हा

युद्धानंतर हॉपर हार्वर्डमध्येच राहिल्या. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू हे पुढचं मशीन चुकीचं वागू लागलं. शोधताना पॅनल एफमधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. दिव्याभोवती घिरट्या घालतो तोच किडा. ऑपरेटरने तो काढून वहीत चिकटपट्टीने लावला आणि शेजारी नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, पतंगासकट.

सोशल मीडियावर सांगतात की हॉपर यांनी तो पतंग पकडला आणि तेव्हापासून 'बग' हा शब्द आला. दोन्ही चूक आहे. तो पतंग त्यांनी स्वतः पकडला नव्हता, त्यांनी ही गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली. आणि यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्या कित्येक दशकं आधी, एडिसनच्या काळापासून होती. म्हणूनच तर वहीत किडा लावणाऱ्याला त्यातला विनोद कळला होता.

यानंतरचा काळ त्यांच्यासाठी खडतर होता. १९४५ मध्ये घटस्फोट झालेला, १९४९ मध्ये हार्वर्डची नोकरी संपली, आणि दारूचं व्यसन इतकं वाढलं की एकदा पोलिसांनी पकडलं. मित्रांनी त्यांना सावरलं. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता.

चुकीची नक्कल आणि पहिला कंपायलर

त्या काळी प्रोग्रामर काय करायचे? एकाने साइन काढायचा कोडचा तुकडा लिहिला, तपासला, वहीत ठेवला. दुसऱ्याला तो लागला की वहीतून हाताने उतरवून घ्यायचा. उतरवताना आकडे चुकायचे. तपासलेला तुकडा नक्कल करताना बिघडायचा.

हॉपर यांनी विचार केला की नक्कल करणं हे तर मशीनचं काम आहे. तपासलेले तुकडे टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, आणि कुठले तुकडे कोणत्या क्रमाने हवेत एवढंच माणसाने सांगायचं. जोडणी मशीन करेल. १९५१-५२ मध्ये झालेला हा ए-झिरो. त्यालाच त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत तो लिंकर आणि लोडरच्या जवळचा होता, पण पुढचा रस्ता तिथूनच सुरू झाला.

लोकांनी विरोध केला. मशीन स्वतः प्रोग्राम लिहूच शकत नाही, आणि लिहिला तरी तो हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान नसेल, असा एकूण सूर होता. इथे बघा, दोन वेगळे प्रश्न एकाच आक्षेपात मिसळलेत. एक, उत्तर बरोबर येतं का? दोन, वेळ किती लागतो? हॉपर यांचं म्हणणं साधं होतं. मशीनचा वेळ महाग आहे, पण माणसाने महिनाभर चुका शोधत बसायचं तोही वेळच आहे.

पुढे त्यांनी फ्लो-मॅटिक केलं. त्यात आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहिता यायच्या. वरिष्ठांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला काय, शब्द म्हणजे फक्त खुणा. मराठी शब्दही चालले असते. पण अमेरिकन मशीनला फ्रेंच समजतं हे बघून वरिष्ठ इतके बिचकले की शेवटी फक्त इंग्रजीवर भागवावं लागलं.

एक प्रोग्राम, दोन मशीन

१९५९ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्या एकत्र आल्या. धंद्याच्या हिशोबासाठी सगळ्या मशीनवर चालेल अशी एकच भाषा हवी होती. तीच कोबोल. हॉपर समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या आणि कोबोलवर फ्लो-मॅटिकची छाप स्पष्ट दिसते. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम, किरकोळ बदल करून, आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला.

कोबोल आपल्याला परकी नाही. १९९०च्या दशकात वायटूकेच्या कामासाठी पुण्या-मुंबईतले किती तरी इंजिनिअर कोबोल शिकले, आणि जगभरातल्या बँकांमध्ये ती आजही चालते.

रिटायर झाल्यावर खरं काम

१९६६ अखेर नौदलाने त्यांना रिटायर केलं. वय ६०. आठ महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, परत बोलावलं. सहा महिन्यांसाठी म्हणून आलेल्या हॉपर पुढे जवळपास १९ वर्षं तिथेच होत्या.

बोलावणं कशासाठी? नौदलाकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर होते. प्रत्येक कंपनी म्हणायची, आमच्याकडे कोबोल आहे. पण प्रत्येकाचं कोबोल थोडं वेगळं. एका मशीनवरचा पगाराचा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की अडायचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न अडता वेगळाच आकडा द्यायचा.

१९६८ मध्ये कोबोलचं अधिकृत स्टँडर्ड ठरलं. पण स्टँडर्ड म्हणजे कागद. कंपनी तो पाळते का हे कोण बघणार? हॉपर यांच्या गटाने त्यासाठी तपासणीचे प्रोग्राम लिहिले. कल्पना अशी: स्टँडर्डमधली प्रत्येक आज्ञा घ्यायची, तिचं उत्तर काय यायला हवं हे आधीच ठरवायचं, कंपायलरकडून प्रोग्राम तयार करून घ्यायचा, चालवायचा आणि उत्तर ताडून बघायचं. समजा बेरीज ४.५ आली आणि राउंड करायला सांगितलं, तर ५ यायला हवेत. ५ आले तर पास, नाही तर फेल. असे शेकडो, पुढे हजारो तपास.

या कामातून पुढे कोबोल कंपायलरची सरकारी तपासणी उभी राहिली, आणि सरकारला कंपायलर विकायचा तर तो या तपासणीतून जाणं गरजेचं झालं. यातल्या दोन गोष्टी आजच्या डेव्हलपरनेही लक्षात ठेवाव्यात.

पहिली: ही तपासणी वेगाबद्दल काहीही सांगत नव्हती. कंपायलर कासवासारखा असला तरी उत्तरं बरोबर असतील तर पास. कॉम्प्युटर विकत घेताना वेग बघायचा असेल तर त्यासाठी बेंचमार्कची वेगळी चाचणी व्हायची. एका सर्टिफिकेटमध्ये दोन्ही कोंबलेलं नव्हतं.

दुसरी: सक्तीचं आणि ऐच्छिक वेगळं होतं. पुढे या टेस्ट अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेकडून मिळू लागल्या. कोबोल ८५च्या त्या संचात भाषेचा गाभा, फाइली हाताळणं असे भाग वेगळे आहेत, आणि रिपोर्ट रायटर, डीबगसारखे ऐच्छिक भाग वेगळे. जे तुमच्या कंपायलरमध्ये असायलाच हवं असं नाही, त्यावरून तुम्ही नापास होत नाही. हा संच अजून जिवंत आहे. ग्नूकोबोल हा मोफत कंपायलर त्यातल्या ९,७००हून जास्त टेस्ट पास करतो.

तारेचा तुकडा

मग वेगाचं काय? हॉपर यांना वेगाचं महत्त्व कळत नव्हतं असं कुणी समजू नये. त्या भाषणांना जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे जवळजवळ ३० सेंटिमीटर. प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकतो. उपग्रहामार्फत संदेश जायला वेळ का लागतो असं नौदलाचे बडे अधिकारी विचारायचे, तेव्हा त्या हा तुकडा दाखवायच्या आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते डोळ्यांसमोर आणायच्या. मायक्रोसेकंदासाठी तारेचं मोठं भेंडोळं असायचं, जवळपास ३०० मीटरचं. ते दाखवून त्या प्रोग्रामरना सांगायच्या की एक मायक्रोसेकंद वाया घालवलात तर एवढी तार फेकून दिलीत.

म्हणजे वेग मोजायचाच, पण वेगळ्या पट्टीने. तार हातात घेऊन कुणी पगाराची बेरीज तपासत नाही.

आजच्या डीबगरमध्ये तेच

१४ ऑगस्ट १९८६ रोजी हॉपर नौदलातून कायमच्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा डीबगर लिहिला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावायचं साधन. मार्क टूमध्ये पॅनल उघडून किडा शोधायचे, इथे कोड थांबवून शोधतात.

जीडीबीच्या स्वतःच्या हजारो टेस्ट आहेत. 'मेक चेक' ही कमांड दिली की त्या चालतात आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल येतं, अगदी कोबोलच्या तपासणीसारखं. २०१३ मध्ये त्यात वेगाच्या टेस्टही आल्या: खूप लायब्ररी लोड केल्या तर किती वेळ लागतो, एकेक पायरी पुढे जायला किती, मेमरी किती लागते. पण त्या 'जीडीबी डॉट पर्फ' या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. 'मेक चेक' दिलं तर त्यांची मोजणी होत नाही. त्यासाठी 'मेक चेक-पर्फ' अशी वेगळी कमांड आहे, आणि निकालाची फाइलही वेगळी.

आयफोनचे अ‍ॅप आणि अँड्रॉइडचा सी प्लस प्लस कोड ज्याने डीबग होतो, त्या एलएलडीबीमध्येही बेंचमार्कच्या टेस्टवर खास खूण असते, म्हणजे नेहमीच्या रनमधून त्या बाजूला ठेवता येतात. जीएनयू सी लायब्ररीतही २०१३ मध्येच 'मेक चेक'पासून वेगळं 'मेक बेंच' आलं, आणि ते पुण्यातल्या एका इंजिनिअरचं काम होतं.

वेगळं का ठेवायचं? कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

१. टेस्टचं उत्तर दर वेळी तेच यायला हवं. बेंचमार्कचा आकडा मात्र हलतो. मे महिन्यात आपल्या संभाजीनगरच्या उन्हात फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून हळू होतो आणि स्कोअर पडतो. फोन बिघडलेला नसतो.

२. अशा हलत्या आकड्यावर 'दोन सेकंदांच्या वर गेलं तर फेल' अशी रेघ मारली, तर कधी पास कधी फेल होत राहतं. चार वेळा खोटा लाल दिवा लागला की पाचव्या वेळी खरा दिवाही कुणी बघत नाही. सगळ्यात मोठा धोका हाच.

३. बेंचमार्कला वेळ लागतो. तो प्रत्येक बदलामागे चालवला तर लोक टेस्टच चालवायच्या टाळतात.

४. आकडा एकट्याने काही सांगत नाही. तो कालच्या आकड्याशी, त्याच मशीनवर, ताडून बघावा लागतो. ते माणसाचं काम आहे.

वाळूज एमआयडीसीत गाडी बनते तेव्हाचं उदाहरण घ्या. लाइनच्या शेवटी प्रत्येक गाडीचा ब्रेक, लाइट, हॉर्न तपासावाच लागतो. मायलेजचा अधिकृत आकडा मात्र प्रत्येक गाडीवर काढत नाहीत. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने, निवडक गाडीवर काढतात. ब्रेक न लागणाऱ्या गाडीचं मायलेज कितीही असो, ती रस्त्यावर येता कामा नये.

शेवटची वर्षं

१९६९ मध्ये एका संघटनेने हॉपर यांना संगणकशास्त्रातला पहिला 'मॅन ऑफ द इयर' पुरस्कार दिला. नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या पदाचं नाव बदलल्यावर रिअर अ‍ॅडमिरल. निवृत्तीच्या वेळी वय ७९, नौदलात तेव्हा सेवेत असलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांत सर्वात जास्त. त्यानंतरही घरी न बसता त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सल्लागार झाल्या. त्यांच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं. आत्तापर्यंत असंच करत आलोय म्हणून पुढेही तसंच करायचं, या सवयीला ते उत्तर होतं. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप दिला गेला.

त्यांच्या नावाची युद्धनौका आहे. २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. एआयसाठी जगभर ज्या एन्व्हिडियाच्या चिपसाठी रांग लागली, त्या एच-१००च्या रचनेचं नाव हॉपर आहे. त्या चिपची जाहिरात होते ती अर्थातच बेंचमार्कच्या आकड्यांनी.

तुम्ही उद्या पहिला अ‍ॅप लिहाल तेव्हा टेस्टचे दोन फोल्डर करा. एकात फक्त पास किंवा फेल. तो दर बदलाला चालवा आणि त्यात एकही लाल दिवा सहन करू नका. दुसऱ्यात वेळ आणि मेमरीचे आकडे. तो शांतपणे, फोन थंड असताना, हवा तेव्हा चालवा. पहिल्या फोल्डरमध्ये काही फेल असेल तर दुसरा उघडायची गरजच नाही. चुकीचं उत्तर किती लवकर आलं, हे मोजून काय करणार?